पत्त्यातले अधिकचिन्ह

मित्रांनो, मला डोळ्यांनी पाहिलेले तुमच्यात कोणी नसेल. मी संगणकाच्या प्रोग्राममधला एक जुना तुकडा आहे, मोजक्याच ओळींचा. स्फाक्स शहरातल्या रक्तदाता मंडळाच्या कचेरीत माझा मुक्काम असतो. रौधा नावाच्या मुलीने मला लिहिले. कुणाला रक्त हवे असले, की रक्तगट आणि शहराचा भाग वेबच्या पत्त्याला जोडायचा आणि तो प्रश्न रक्तपेढीच्या सर्व्हरकडे धाडायचा, हे माझे काम. आधी पत्ता, मग प्रश्नचिन्ह, मग रक्तगट अमुक, भाग तमुक. तिकडून दात्यांची नावे येत.

रौधाने मला संशयी घडवले. "एकाही अक्षरावर भरवसा ठेवायचा नाही," असे ती लिहिता लिहिता पुटपुटत असे. माणसे काहीबाही टाइप करतात, आणि पत्त्यात काही चिन्हांना निराळाच अर्थ असतो. म्हणून मी प्रत्येक चिन्हाची झडती घेई आणि घातकी वाटेल त्याला सांकेतिक रूप देऊनच पुढे सोडी. मंडळाच्या प्रमुख लल्ला नजात, म्हणजे नजातबाई, सगळ्यांना सांगत, "रौधाच्या कामावर डोळे मिटून विसंबावं."

पुढे रौधा दुसऱ्या शहरात, गाबेसला, नोकरीला गेली आणि तिच्या जागी वाजदी आला. तो हुशार होता, पण त्याला भारी घाई. माझ्या ओळी वाचून त्याने नाक मुरडले. "हे जुनं लचांड आत काय काय करतं देव जाणे. मी सरळ हातानेच जोडतो."

त्याने रक्तगट विचारायला संगणकावर नवा पडदा बनवला आणि मला बाजूला सारले. मी तिथेच पडून राहिलो. कोणी हाक मारीना.

मग विचित्र घडू लागले. ओ निगेटिव्ह विचारले की नावे येत. ओ पॉझिटिव्ह विचारले की कोणीच नाही. एवढ्या मोठ्या शहरात, घरटी ज्या गटाचा माणूस सापडतो, त्या गटाचा एकही दाता नाही!

लल्ला नजात यांना भलताच वास आला. रक्तपेढीतली दात्यांची नावे सी मुन्सिफ, म्हणजे मुन्सिफसाहेब, सांभाळत, आणि त्यांच्या मेहुण्याचा खाजगी दवाखाना होता. कचेरीत कुजबुज सुरू झाली. मुन्सिफ आत आले, की बोलणे थांबे आणि कॉफीचे कप तेवढे वाजत.

एके दिवशी एका बाळंतिणीला ओ पॉझिटिव्ह रक्त हवे होते. पडदा कोराच. तिच्या नवऱ्याने अखेर मासळीबाजारात उभे राहून हाका मारल्या, तेव्हा कुठे माणसे धावली. बाई वाचली. दुसऱ्या दिवशी मुन्सिफना बोलावणे गेले.

"सी मुन्सिफ, खरं सांगा. चांगले दाते मेहुण्यासाठी राखून ठेवता ना?"

मुन्सिफ उभेच राहिले. "लल्ला, तुमच्याकडून मला नुसतं 'ओ' येतं. पुढे मोकळी जागा. असला गट कुठून देऊ?"

"खोटं आहे," वाजदी म्हणाला. "हे बघा, मी धाडलेला पत्ता. ओ आणि पुढे अधिकचं चिन्ह. ढळढळीत दिसतंय."

"माझ्याकडे काय आलं तेही बघा."

"ते तुम्ही मागाहून खोडलं नसेल कशावरून?" लल्ला नजात म्हणाल्या.

मुन्सिफनी दात्यांच्या नोंदींच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले.

वाजदीला मात्र चैन पडेना. दोघांचे पुरावे समोर होते आणि दोन्ही खरे वाटत होते. त्याने रौधाला फोन लावला.

"जोडणी हाताने केलीस?" तिने पहिलेच विचारले.

"हो."

"अरे, पत्त्यात अधिकचं चिन्ह म्हणजे मोकळी जागा. सर्व्हर तसंच वाचतो. तू धाडलंस ते खरं, त्यांना मिळालं तेही खरं. तुकडा का काढलास?"

"मला त्याचाच संशय आला होता."

"आणि मुन्सिफचाही?"

वाजदीने फोन ठेवला. त्याने मला पुन्हा जागेवर बसवले. मी त्या अधिकच्या चिन्हाला त्याचे सांकेतिक रूप चढवले आणि पडद्यावर नावांमागून नावे येऊ लागली. ती बघून लल्ला नजात खुर्चीतून उठल्या.

त्या स्वतः मुन्सिफच्या घरी जाऊन त्यांना घेऊन आल्या. मुन्सिफनी किल्ली उचलली.

"बसा, सी मुन्सिफ. कॉफी सांगितलीय."

"नको, लल्ला. कामं पडलीयत."

आता ते रोज वेळेवर येतात, प्रत्येक प्रश्नाचे उत्तर चोख धाडतात. कॉफीला मात्र थांबत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने तुकडे काढून टाकण्याआधी ते कशाला लिहिले होते एवढे विचारा. आणि संशय घ्यायचाच असेल, तर आधी चिन्हांवर घ्या. चिन्ह मी एका क्षणात सुधारतो. सी मुन्सिफना पुन्हा कॉफीला बसवण्याची ओळ मला कोणी लिहून दिलेली नाही.