बोर्डावर नसलेलं इंजेक्शन

आमच्या घरात काम झालं की नाही हे हल्ली कामाकडे बघून ठरत नाही, बोर्डाकडे बघून ठरतं. बोर्ड भिंतीवर नाही, फोनमध्ये आहे. माझ्या सुनेने, ऊर्मीने मांडलेला. त्यात तीन रकाने: 'करायचंय', 'चालू', 'झालं'. गॅस बुक करणं, लिफ्टवाल्याला बोलावणं, माझी थायरॉइडची गोळी, माझं सकाळचं इन्सुलिन, सगळ्याची कार्डं. ज्याने काम केलं त्याने बोटाने कार्ड 'झालं'मध्ये सरकवायचं. तिच्या ऑफिसात असंच चालतं म्हणे. माझा मुलगा मंदार मोटारींच्या कंपनीत आहे आणि सदा दौऱ्यावर असतो. त्याला हा प्रकार फार आवडला, कारण पुण्यात बसूनही त्याला इथलं, तमिळ मुलखातलं पेरुंगुडीचं घर दिसतं.

बोर्ड का आला ते मला ठाऊक होतं. मी विसरायला लागले होते म्हणून. तोंडावर कुणी बोललं नाही, पण पहिली कार्डं कुणाच्या नावाची झाली हे मला काय दिसत नव्हतं? हातच्या काकणाला आरसा कशाला.

आमचे हे, काशिनाथराव, जन्मभर बँकेत. दिवसा व्यवहार करायचे आणि संध्याकाळी बसून सगळ्या नोंदी एकदम घालायच्या, ही सवय अंगात मुरलेली. बोर्डाचंही तसंच. संध्याकाळचा चहा झाला की चष्मा लावून दिवसभराची कार्डं एकापाठोपाठ एक सरकवणार. मधे कुणी टोकलं तर म्हणणार, दिवस संपल्याशिवाय हिशेब बंद होत नाही. रोज सकाळी ऊर्मी ऑफिसला गेलेली असायची, इन्सुलिन हेच द्यायचे, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

त्या बुधवारी ऊर्मी घरून काम करत होती. ह्यांनी मला नेहमीसारखं इन्सुलिन दिलं, मी उपमा खाल्ला, आणि हे गिंडीला गेले. तिथे राजगोपाल म्हणून ह्यांच्या मित्राचा लहानसा कारखाना आहे, त्याचे हिशेब हे बुधवारी तपासतात. आकडेमोड करताना फोन बंद ठेवायचा, हीसुद्धा बँकेचीच शिस्त.

थोड्या वेळाने ऊर्मी खोलीतून बाहेर आली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात इन्सुलिनचं पेन. म्हणाली, आई, इन्सुलिन राहिलंय, वेळ टळून कार्ड लाल झालंय. मी म्हटलं, ह्यांनी दिलं ना. तिने फोन माझ्यापुढे धरला. कार्ड खरंच 'करायचंय'मध्ये होतं.

"आई, परवा गोळी घेतली म्हणालात, आणि ती ताटाखाली सापडली," ती हळूच म्हणाली.

रागावून म्हणाली असती तर मी भांडले असते. हळूच म्हणाली म्हणून माझा धीर सुटला. ह्यांनी दिलेलं आठवतंय ते आजचं की कालचं? रोज तीच खुर्ची, तोच उपमा. मीच पदर बाजूला केला आणि पोट पुढे केलं. सुई टोचली तेव्हा शेजारीच सकाळच्या टोचण्याचा ठिपका दुखला, तरी मी बोलले नाही. ह्याची मला आजही चीड येते, आणि ती तिची नाही, माझी.

ऊर्मी कार्ड सरकवून मीटिंगला गेली, दार लावून.

भाजी चिरताना आधी हात थरथरायला लागले. मग पंख्याखाली बसूनही घामाने पोलकं भिजलं. डोळ्यांपुढचे पडवळाचे तुकडे हलायला लागले. साखर उतरतेय हे मला कळत होतं, पण स्वयंपाकघर मैलभर लांब गेलं होतं. भिंत धरत ऊर्मीच्या दारापाशी गेले आणि दार वाजवलं. तिने दार उघडून कानातले हेडफोन काढले.

"दोनदा," मी म्हटलं.

तिने विचारलं, काय दोनदा? मला पुढचा शब्द सापडेना. दोनदा, दोनदा, एवढंच म्हणत राहिले. तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी विसरणार नाही. तिला वाटलं, झालं, आता ह्या बरळायलाही लागल्या. तिने मला धरून सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि ती ह्यांना फोन लावायला लागली. फोन बंद. मी पेला ढकलला आणि तिचा हात ओढून माझ्या पोटावर ठेवला, दोन ठिपक्यांवर. मला भीती वाटत होती. मरण्याची होतीच, पण त्याहून जास्त ही की मी मरेन आणि सगळे म्हणतील, बिचारीचं डोकं आधीच गेलं होतं.

तिची बोटं थांबली. मग ती धावली. मशीन आणून माझ्या बोटातून रक्त घेतलं, आकडा बघून तिचा चेहरा पांढरा पडला. धावपळ ऐकून शेजारच्या कनकामामी दाराशी आल्या आणि तिथूनच तमिळमध्ये ओरडल्या, "सक्करै कुडु, सीक्रम." साखर दे, लवकर. तोवर ऊर्मी साखरेचं पाणी चमच्याने माझ्या तोंडात घालतच होती. मामींनी गाडी काढली.

दवाखान्यात पोचेपर्यंत मला माणसं नीट दिसायला लागली होती. तिथल्या डॉक्टर मीनाक्षी तरुण आणि घाईत होत्या. साखर वर आलीय, असं कधीकधी होतं, जेवण द्या आणि घरी न्या, असं त्यांचं म्हणणं. फक्त एक विचारलं: सकाळपासून इन्सुलिन किती वेळा दिलं? एकदा असेल तर घरी जा. दोनदा असेल तर साखर दुपारी पुन्हा कोसळेल, रात्रभर इथेच ठेवावं लागेल.

ह्यांचा फोन अजून बंदच. ऊर्मीने बोर्ड उघडला. तिथे एकच नोंद, तिच्या नावाची. पोटावरच्या ठिपक्यांबद्दल डॉक्टर म्हणाल्या की कालचाही ठिपका दिसू शकतो. ऊर्मीने माझ्याकडे बघितलं.

"आई, किती वेळा?"

मला पुन्हा तोच उपमा, तीच खुर्ची दिसली.  "दोनदा," मी म्हटलं, पण आवाज असा निघाला की माझा मलाच पटला नाही.

ऊर्मी डॉक्टरांकडे वळली. "दोनदा. ठेवून घ्या."

दुपारी, सलाइन लागलेलं असतानाच, साखर पुन्हा उतरली. नर्सने दुसरी बाटली लावली. घरी असते तर जेवून झोपले असते, आणि ऊर्मी मीटिंगमध्ये असती.

हे संध्याकाळी धापा टाकत आले. सकाळी मीच दिलं, म्हणाले, कार्ड संध्याकाळी सरकवणारच होतो. मग खाटेच्या कडेला बसून रडले. काय बोलणार त्यांना? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

हे चहा आणायला गेल्यावर मी ऊर्मीला विचारलं, तुला कसं कळलं मी खरं बोलतेय ते?

तिने चादरीची घडी नीट केली.

"नव्हतं कळलं," ती म्हणाली. "तुम्ही चुकला असतात तर एक रात्र फुकट गेली असती. बोर्ड चुकला असता तर तुम्ही."

खोटं गोड बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. पण मग उद्या तिच्यावर विश्वास कसा ठेवला असता? मी तिचा हात धरला.

"मला रोज विचारत जा," मी म्हटलं. "मी चुकले तरी विचार."