कुलपाआडचे डबे

लहानूच्या लेकीचं, साक्षीचं लग्न लागलं ते साल २०२३. त्या लग्नापायी लहानूनं चक्कीचं वीजबिल मागं टाकलं. कॅम्प-१ या वस्तीतली ती आटाचक्की सरकारी जागेवर होती आणि जागेचं भाडंही थकलेलं. पावसाळा सरता सरता लीज रद्द झाल्याचा कागद आला. पाठोपाठ लाईनमननं तार कापली.

तरी बायका दळण घेऊन येतच राहिल्या. दारात आलेला डबा परत पाठवायचा नाही, ही लहानूच्या बापापासूनची रीत.

"ठेवून जा बाई, उद्या लाईट येते."

"लाईट का माह्या बापाच्या घरून येनार हाये?" त्याची बायको चंपा म्हणाली. लहानू हसला आणि डबे मांडत गेला. मग एके सकाळी साहेब लोक आले आणि शटरला सील ठोकून गेले. लोकांचे गहू आतच राहिले.

जागेच्या ऑफिसात सांगितलं, आधी विजेचा बकाया भरा, मग सामान. चंपा त्याच्यासोबत वीज ऑफिसात गेली. खिडकीत कारकून गौरवबाबू होता.

"दादाजी, लीज कॅन्सल, तो खाता बंद. किस्त नहीं होगी, पूरा भरो."

"पुरा कुठून आनू बाबू? मोटर विकून भरतो, पन मोटर त आत हाये."

"तो पहले सामान छुड़ा लो."

"तेच त करून राहिलो!"

मागची रांग हसली. चंपानं त्याचा हात धरून बाहेर आणलं.

ठकूबाई रोज दारात यायची. "लहानूभाऊ, बिल तुमी थकवलं, माह्या गव्हाले जेल कावून?"

चंपानं घरातले गहू मोजून तिला दिले. दोघीतिघींना दिले, मग कोठी रिकामी झाली. लहानू मागच्या गल्लीनं ये-जा करू लागला. दुपारी मात्र शटरला नाक लावून बसायचा.

"गव्हाले सोंडे लागले वं, चंपा. वास येते."

"घरी चला."

"लोकायचं हाये ते."

होळीनंतर सील उघडलं. मोटर लिलावात गेली. तिचे पैसे जागेच्या भाड्यात वळते झाले, विजेचं देणं लहानूच्याच नावावर राहिलं. गव्हाचा भुसा झाला होता. चंपानं झाकणांवरच्या खुणा ओळखून एकेक डबा घरोघरी पोचवला. ठकूबाईनं आपला डबा घेतला.

लहानू तेव्हा नव्हता. तो २०२४ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी वारला.