पाचही पानं स्वच्छ

मित्रांनो, बेल्ह्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या कोपऱ्यातला जुना प्रिंटर म्हणजे मी. बाजाराच्या दिवशी गुरांच्या पायांची धूळ थेट माझ्या पोटात जाते. माझी कुणी फारशी कीव केली नाही, म्हणून आज मीही गोड बोलणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी नवाकोरा आलो, तेव्हा दुकानाचे मालक रामनाथभाऊ यांनी मला हार घातला होता. पुढे कागद अडकला की त्यांनी माझ्या डोक्यात थापट मारली. कुणाची नोकरी हुकली की दोषही मलाच दिला.

नोकरीच्या बायोडाट्याचा त्यांचा एकच नमुना होता, आणि तो त्यांनी लग्नाच्या बायोडाट्यावरून बनवला होता. वर ओझरचा विघ्नहर गणपती, खाली उंची, रास, मामाचं आडनाव, पाहुण्यांची गावं. काम काय येतं ते चौथ्या पानावर. एकूण पाच पानं. अर्ज हातात जड लागला पाहिजे, असं त्यांचं मत. मग पोरांना बोलावणं येत नसे आणि ती विचारायला आली की भाऊ माझ्याकडे बोट दाखवत.

“प्रिंटच फिकी आली, राव. मशीन लई जुनं झालंय.”

माझी शाई काळीभोर होती, मित्रांनो. हे ऐकताना मी आतून जळत असे. भाऊंचा मुलगा सुदर्शन तेवढा मला मऊ फडक्याने पुसत असे. बाकी सगळं मी मनात साठवत गेलो.

या वर्षी जवळच्या दूध शीतकरण केंद्रात फॅट तपासायला एक माणूस हवा होता. अर्जाच्या शेवटच्या दिवशी बोरी बुद्रुकची अक्षदा मोबाइल घेऊन आली. गावातल्या डेअरीत ती तीन वर्षं हेच काम करत होती.

“भाऊ, एकच पान हाय आन् सोबत एक पत्र. तेवढंच काढा.”

“एका पानाला कोण इचारतंय? आन् पत्र काय मामाला धाडायचंय का? थांब, पाच पानं करून देतो.”

तिची दोन पानं माझ्याकडे पाठवून त्यांनी मागे आपल्या नमुन्यातली चार जोडली. माझी वेळ आली होती. पत्र मी सोडलं, तिचं पान सोडलं. तिसरा कागद मात्र दातांत असा धरला की भाऊंनी चार थापटा मारल्या तरी सोडला नाही.

“राहू द्या भाऊ, गाडी सुटंल. एवढंच नेते,” म्हणत अक्षदा पळाली.

कागद ओढून काढल्यावर भाऊंनी सुदर्शनचा अर्ज लावला. जागा तीच. त्याने डेअरीचा कोर्स केला होता. मी ठरवून एकदाही अडकलो नाही. पाचही पानं स्वच्छ, ठळक काढून दिली. आता बोट दाखवा, म्हटलं. भाऊंनी पहिल्यांदाच माझी पाठ थोपटली.

पंधरा दिवसांनी अक्षदा पेढे घेऊन आली.

“केंद्रातल्या मोहिनी मॅडम म्हनल्या, अर्जांचे गठ्ठे लई आले. समद्यांच्या मामांची आडनावं कळली, काम कळंना. माझ्या पत्रात पहिल्याच ओळीत व्हतं, रोज ऐंशी जणांच्या दुधाची फॅट काढते म्हणून. मंग त्यांनी पुढचं वाचलं.”

भाऊंचं बोट सवयीने माझ्याकडे वळलं. “प्रिंटच जरा...”

“प्रिंट चांगली व्हती, आबा,” सुदर्शन म्हणाला. “माझा कोर्स चौथ्या पानावर व्हता. तिथवर कोन जातंय?”

बोट खाली आलं. नऊ वर्षं मी याच क्षणाची वाट पाहत होतो आणि मला अतिशय आनंद झाला. मग सुदर्शनने फडकं घेतलं आणि रोजच्यासारखं मला पुसलं. तेव्हा मला कळलं, सूड भाऊंवर उगवायचा होता आणि नोकरी याची गेली.

मित्रांनो, यंत्राला मारू नका आणि आपल्या चुकीचं खापर त्याच्यावर फोडू नका. आम्ही विसरत नाही.

काल सुदर्शनने नव्या जागेसाठी एक पान आणि एक पत्र स्वतः लिहिलं. ती दोन्ही पानं मी जीव ओतून काढली. मग भाऊ आपला जुना नमुना घेऊन आले, बटण दाबलं आणि मी लाल दिवा लावला. तो अजून तसाच आहे.