आवडाबाईची जागा

"काय गं आवडाबाई, बोईट अजून जिवंत आहे वाटतं," नेहमीच्या गिऱ्हाईक कर्णिकबाई म्हणाल्या, आणि ठाण्याच्या मासळीबाजारातली कोळणींची अख्खी रांग हसली. मासा मेलेलाच होता. थरथरत होता तो आवडाबाईचा हात. तीही हसली. हसण्यावारी नेणं तिला जन्मभर जमलं होतं.

पुढे कोयता बोटावर आला, तेव्हा मुलगा गोमाजी आणि सून शालू तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. पार्किन्सन, डॉक्टर म्हणाले. पुरता बरा होत नाही, गोळ्यांनी हात आवरतो.

"आयचे पुढचे दिवस कसे जातील, डॉक्टर?" गोमाजीने विचारलं.

"हात किती हलतो यावरून ते सांगता येत नाही. हात कमी हलणारे खचून अंथरूण धरतात आणि जास्त हलणारे खुशाल हिंडतात. यांचं मन कशात रमतं?"

"बाजारान," शालू म्हणाली.

"मग तो सोडवू नका."

पण लोकलाजेपुढे डॉक्टरचं कोण ऐकतो? आजारी आईला मासळी विकायला बसवतो, असं सगळं कोलशेत गाव म्हणालं असतं. गोमाजीने तिला खाटेवर बसवलं, समोरच्या टीव्हीला नवी केबल लावून दिली. मुलगा मायेचा होता, म्हणून तर तिला नाही म्हणता आलं नाही. शालू पाटी घेऊन सासूच्या जागेवर बसू लागली.

गोळ्यांनी हात बराच थांबला. पण आवडाबाईचं बोलणंही थांबलं, मग जेवण. खाडीपलीकडे ऐकू जाणारा तिचा आवाज पार बसला. एका सकाळी तिने शालूचा पदर धरला.

"मना हितं मारू नको."

शालूने नवऱ्याला विचारलं नाही. रिक्षा बोलावली.

बाजारात आवडाबाई आपल्या जागेवर बसली, कोयता शालूने घेतला. कर्णिकबाई आल्या.

"कसा गं वाटा?"

आवडाबाईने भाव सांगितला. त्या कलकलाटात तो कुणालाच ऐकू गेला नाही. शालूने सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेजारच्या रखमाबाईच्या तोंडाला सगळा बाजार भ्यायचा. ती ओरडली, "गप बसा गो. आवडा भाव सांगते."

रांग गप्प झाली. चालते कोयते थांबले. आवडाबाईने पुन्हा भाव सांगितला.

"काहीतरी कमी कर," कर्णिकबाई नेहमीसारख्या म्हणाल्या.

"नाय परवडत," आवडाबाई हळूच म्हणाली, आणि शेवटच्या पाटीपर्यंत ते ऐकू गेलं. "पुढं जा."

कर्णिकबाई पुढे गेल्या नाहीत. पदराने डोळे पुसून त्यांनी पिशवी उघडली.