टेस्टीच्या आधी

शब्दकोशाच्या कचेरीत जुने ग्रंथ हाताळायचे, तर आधी हात साबणाने धुऊन कोरडे करावे लागत. तिथे काम करणाऱ्या ठकूच्या आईच्या अंगात हा नियम इतका मुरला होता, की लेक वरचं खायला लागली तशी तिने तो घरातही लागू केला. ठकूच्या बोटांनी अन्नाला शिवायचं नाही! उंच खुर्चीत बसवलं, की दोन्ही हात टॉवेलात गुंडाळायचे आणि मग चमचा पुढे करायचा. सासूबाई निवृत्त नर्स. जंतूंशी त्यांचं जन्माचं वैर. टॉवेलाची गाठ त्याच मारायच्या आणि ती सोडवायला पुन्हा त्याच लागायच्या. एरवी भाजी किती शिजवावी यावरही दोघींचं जमायचं नाही. या बाबतीत मात्र गळ्यात गळा.

आई समोर असली, तर ठकू चार घास तरी घ्यायची. आई कामावर रुजू झाली आणि पोरीने दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटलं. आठवडाभर दुपारचं जेवण नाही. गाल उतरले. आज निघताना ठकूची आई सासूबाईंना म्हणाली, "आई, आजही नाही जेवली, तर मी नोकरी सोडते. कोशाला दुसरं कुणी मिळेल, हिला आई दुसरी कुठून आणायची?"

"आधी डबा घे," सासूबाई म्हणाल्या. "नोकरी संध्याकाळी सोड."

कचेरीत आज तिची नोंद वाचली जाणार होती. शब्द होता ‘टेस्टी’. इथली रीत अशी, की लिहिणाऱ्याने आपली नोंद स्वतः वाचायची नाही. दुसऱ्याच्या तोंडून ऐकली, की आपलं लिखाण परक्यासारखं कानावर पडतं आणि खोट कळते. वाचायचं काम मुख्य संपादकांचं. ते बोलले की चर्चा संपायची, म्हणून माघारी सगळे त्यांना ‘पूर्णविराम’ म्हणत.

पूर्णविरामांनी चष्मा चढवला. "टेस्टी. चवदार, रुचकर. मधल्या काळात ‘चांगल्या अभिरुचीचा’ असाही अर्थ. म्हणजे कपडेसुद्धा टेस्टी?"

"हो सर. खोलीची सजावटसुद्धा."

"छान. पुढे. मूळ शब्द ‘टेस्ट’, जुन्या फ्रेंचमधून आलेला. तिथे त्याचा अर्थ स्पर्श करणे, चाचपून पाहणे. इंग्रजीतही आरंभी तो अर्थ होता. जिभेची चव मागाहून पक्की झाली." त्यांनी कागद खाली ठेवला. "वा! म्हणजे माणसाने आधी हाताने चाखलं."

नोंद तिचीच होती. आठवडाभर घासूनपुसून लिहिलेली. पण लिहिताना समोर ग्रंथ होते. आता ऐकताना डोळ्यांसमोर टॉवेलाची गाठ आली.

"सर, एक फोन करते."

"नोंद मंजूर आहे, बाई. आता कसला फोन?"

ती दारापर्यंत पोचलीसुद्धा होती.

"आई, तिचे हात सोडा."

"काय?"

"गाठ सोडा आणि भोपळ्याची वाटी तिच्यापुढे ठेवा. चमचा बाजूला."

"अगं, जंतू—"

"हात धुवा तिचे. तुम्हीच धुवा, तुमच्यासारखं कुणाला जमणार? पण मग सोडा. चव आधी हाताला कळते, जुन्या फ्रेंचमध्ये तसंच आहे."

पलीकडे नळ वाहिला. खुर्ची कुरकुरली. मग बराच वेळ नुसतं चपचप, चपचप.

"आई? काय करतेय?"

"भोपळ्यात दोन्ही हात कोपरापर्यंत. कानात गेला, नाकात गेला, माझ्या चष्म्यावर आला..." सासूबाई थबकल्या. "अगं, तोंडात गेला! स्वतःच चाटतेय! गिळला! बाई गं, आणखी मागतेय ही!"

ठकूची आई आत आली तेव्हा डोळे पाणावलेले आणि मान ताठ. खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"सर, नोंदीला उदाहरण राहिलंय."

"द्या."

"‘माझ्या लेकीला भोपळा टेस्टी लागला.’"

"असं म्हटलंय कुणी?"

"मी म्हणतेय. आत्ता, तुमच्यासमोर."

पूर्णविरामांनी पेन्सिल उचलली आणि वाक्य स्वतःच्या हाताने लिहून घेतलं.

संध्याकाळी ती जिना चढत होती, तेव्हा वरच्या मजल्यावरून शेजारणीला सांगणाऱ्या सासूबाईंचा आवाज खणखणीत येत होता, "आमच्या सूनबाईंनी शोधून काढलं हो! थेट फ्रेंचातून!" घरात भिंतीवर, खुर्चीवर, दाराच्या कडीवर भोपळा. नर्सबाईंनी एक डागसुद्धा पुसला नव्हता. सुनेला दाखवायचा होता ना!