सुनेचा वाटा

मित्रांनो, मी मासळीबाजारातला एक जुना सुरा आहे. लोहाराने घडवले तेव्हा माझे पाते चांगले रुंद होते. दगडावर घासून घासून आता दोन बोटे उरले आहे. त्याचे मला दुःख नाही. पण सध्या चैन म्हणून पडत नाही, म्हणून बोलतो.

माझी मालकीण मावशी. गिऱ्हाइके म्हणत, "काय धार आहे हो!" आणि मी फुशारून जाई. पोट फाडताच मला मासा कळे: कल्ले लालभडक, काळीज गुळगुळीत.

मग खाडीवर नळांना चकचकीत मुलामा देणारा कारखाना आला. त्याचे पाणी खाडीत सुटू लागले आणि माशांची रयाच गेली. कल्ले करपल्यासारखे, काळजावर गाठी, अंडी जेमतेम. मावशी म्हणे, "चांगला धुतला की झालं. वरून बघा की, कसा चकाकतोय!" वरून! आतले मी पाहत होतो, पण सुऱ्याला कुठली वाचा?

त्यात मावशीच्या सुनेला दिवस गेलेले. सगळ्यांत मोठ्या माशाचे काळीज मावशी रोज तिच्यासाठी डब्यात काढून ठेवी. "पोटातल्याला ताकद येते." ते काढून देणारा मीच.

काल सुनेला तपासणारी नर्सबाई मासे घ्यायला आली. डबा पाहून ती दचकली.

"मावशी, हे सुनेला देता? अहो, कारखान्याच्या पाण्यातलं शिसं नि काय काय माशाच्या काळजात साठतं. धुऊन जात नाही, शिजवूनही जात नाही. बाळापर्यंत पोचतं ते!"

"काहीतरीच काय! मी माझ्या हातानं..."

"आता बंद करा. उद्या तिला दवाखान्यात पाठवा, रक्त तपासू."

मावशीने डबा उचलला. पायाशी मांजरी आली, तीही पोटुशी. मावशीचा हात थांबला. ती धक्क्यापर्यंत गेली, पाण्याकडे बघत राहिली आणि डबा तसाच घेऊन परतली.

"कुठं टाकू गं बाई हे?"



आज सून दवाखान्यात गेली आहे. मावशी मला हातात धरून बसली आहे. समोर मासा आहे, पण ती कापत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, कारखाने चालवाल. घाण पाणी सोडण्याआधी ते कोणाच्या ताटात जाणार, एवढे तरी विचारा. मला पुन्हा बिनघोर मासा कापू द्या. सुनेचा वाटा काढताना माझे पाते थरथरू नये, एवढेच मागणे आहे.