चार बोटं उंच खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, हे मला दर वेळी आधी सांगून टाकावं लागतं, कारण बघणारा मला पाट समजतो. मित्रांनो, त्यात त्याची चूक नाही. माझे पाय जेमतेम वीतभर उरलेत, आणि त्यातला एक बाकीच्यांपेक्षा जरासा आखूड, म्हणून मी डुगडुगते. प्रार्थनालयाच्या मागच्या खोलीत झाडू, बादल्या आणि एक मोडका पंखा यांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. तुमच्यातले काही जण लपाछपी खेळताना माझ्यावर बूट ठेवून खिडकीतून डोकावतात. डोकावा. पण मी कोणाच्या मापाची होते, तेवढं एकदा ऐकून घ्या.

एका यहुदी सुताराने मला घडवलं. पुढे घर, मागे कारखाना, आणि दोन्हीकडे सारखाच भुसा. घरात माणसं तीन: सुतार, त्याची बायको आणि एकुलता एक मुलगा. मुलगा पंधराव्या वर्षी असा काही वाढायला लागला की घरातली एकही खुर्ची त्याला पुरेना.

"अहो, याचे गुडघे हनुवटीला लागतात जेवताना," बायको म्हणाली.

सुताराने मुलाला भिंतीशी उभं केलं, टाचेपासून गुडघ्यापर्यंत पट्टी लावली आणि मान हलवली. "चार बोटं जास्त. शिडी, टेकून उभा राहू नकोस, कोणीतरी चढेल."

"पोराला नावं ठेवू नका," ती म्हणाली. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. गल्ली त्याला शिडी म्हणू लागली, आणि मी झाले शिडीची खुर्ची. एकही खिळा न मारता सांधलेली, तीन हात पॉलिश दिलेली, आणि टेबलाभोवतीच्या बहिणींपेक्षा चार बोटं उंच. गर्व होता मला, खोटं कशाला बोलू?

आता आम्हा खुर्च्यांचं एक गुपित सांगते. माणूस तोंडाने काहीही बोलो, बसतो मात्र खरं. कोणाच्या मनात काय आहे ते आम्हाला बुडापासून कळतं. सुताराची बायको जन्मभर खुर्चीच्या कडेवर बसली. दूध उतू जाईल, पाऊस येईल, पोराला ताप भरेल, अशी तिची यादी सकाळी सुरू व्हायची ती दिवे लावेपर्यंत संपत नसे. सुतार मात्र बसला की पाठ पूर्ण टेकून बसायचा. मागे कोणीतरी धरून उभं आहे अशी खात्री असावी तसा.

समोरच्या दुकानातला घड्याळवाला रोज दुपारी त्यांच्याकडे चहाला यायचा. तोही यहुदीच, पण देवाशी त्याचं बोलणं बंद असल्यासारखं होतं. एकदा महिनाभर कारखान्यात काम नव्हतं, तेव्हा एक हॉटेलवाला घाईचं काम घेऊन आला. अट एकच: शनिवारीही हात चालला पाहिजे. सुताराने हात जोडून नाही म्हटलं. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत करवत खुंटीला लागायची ती शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विसावा, संपल्याशिवाय खाली यायची नाही, हा त्याच्या घरचा नियम.

"मिस्त्री, काम गेलं," घड्याळवाला म्हणाला. "देवावर भरवसा ठेवून फायदा काय झाला, ते सांगा."

"काल दुपारी छान झोप लागली."

"झोप मलाही लागते."

"तुम्हाला गोळी घेतल्यावर लागते, भावजी," सुताराची बायको आतून म्हणाली.

मी हे सगळं मनात टिपून ठेवत होते. फायद्याच्या बाजूला मी लिहिलं: झोप. दुसऱ्या दिवशी त्याच्या रंध्याखालून सबंध लांबीची, न तुटलेली साल निघाली, तेव्हा लिहिलं: हात थरथरत नाही. यादी लहान होती, पण खरी होती.

शिडी मोठा झाला आणि एका मालवाहू बोटीवर इंजिनाच्या कामाला लागला. निघायच्या सकाळी तो माझ्यावर बसून अंडी खात होता आणि आई त्याच्या पिशवीत मोजे कोंबत होती.

"पाण्याचं काम आहे. मला नाही भरवसा वाटत," ती म्हणाली.

"पाण्यावर नकोच ठेवू," सुतार म्हणाला. "ज्याचं पाणी आहे त्याच्यावर ठेव."

"बाबा, तिला भाषण नको, अजून एक मोज्यांचा जोड द्या, म्हणजे ती शांत होईल," शिडी म्हणाला. जाताना त्याने दाराच्या चौकटीवरच्या डबीला, जिच्यात पवित्र वचनांची गुंडाळी असते तिला, बोटं लावली आणि ओठांना टेकवली. इतरांना त्यासाठी हात वर करावा लागे. त्याला कोपर दुमडावं लागलं.

तीन आठवड्यांनी वादळात बोट बुडाली. नऊ माणसं होती. सहा सापडली. शिडी सापडला नाही.

मित्रांनो, इथे एक रीत तुम्हाला ठाऊक असायला हवी. यहुदी घरात माणूस गेला की दफनानंतर घरच्यांनी सात दिवस जमिनीलगत, बुटक्या आसनावर बसायचं. अंगरखा गळ्याशी फाडायचा, दार उघडं ठेवायचं, आणि लोकांनी येऊन शेजारी बसायचं. पण माणूस पाण्यात गेला आणि देहच मिळाला नाही, तर सात दिवस मोजायचे कुठून? घरच्यांनी शोधाची आशा सोडली त्या दिवसापासून. म्हणजे तारीख मृत्यू ठरवत नाही. तारीख आईबापांना ठरवावी लागते.

दोन महिन्यांनी शोध थांबल्याचं बंदराच्या कचेरीने कळवलं. सुतार बायकोला हळूच म्हणाला, "आता आपण बसायला हवं गं."

"बसा की. तुम्ही बसलात की तो बुडाला असं समजा. आत्तापर्यंत तो फक्त सापडलेला नाही."

"अगं, पण..."

"जन्मभर मला सांगितलंत भरवसा ठेव, भरवसा ठेव. मी ठेवला. आता तुम्हीच काढून घ्यायला सांगताय?"

तो रब्बींकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे गेला. म्हातारे रब्बी घरी आले, तिच्यासमोर बसले. "आशा सोडा असं मी कोणाला सांगत नाही," ते म्हणाले. "ते माझं काम नव्हे. तुम्ही सांगाल तेव्हा मी येईन." आणि गेले.

मग ती रोज माझ्यासमोर ताट मांडू लागली. रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसायची. माझ्यावर कोणी बसत नसे. तोंडाने ती भरवसा म्हणायची, पण शेजारच्या खुर्चीवर बसायची ती पूर्वीपेक्षाही कडेला, दाराकडे कान लावून. आणि ज्याने आयुष्यभर पाठ टेकली तो सुतारही आता कडेलाच बसू लागला. सुतक नाही, म्हणून सांत्वनाला कोणी येऊ शकत नव्हतं. सण नाही, म्हणून दुसऱ्या कशाला यायची सोय नव्हती. लोक रस्ता ओलांडून पलीकडून जात. मुलासाठी म्हणायची प्रार्थनासुद्धा बापाला म्हणता येईना. घड्याळवाला चहाला येई, पण त्याचा नेहमीचा प्रश्न कपातच राहायचा. फायद्याची माझी यादी तिथेच थांबली होती. हात थरथरत नाही, हेसुद्धा मला खोडावं लागलं.

ते मला कसं कळलं, ते सांगते. बायको दुपारी बाजारात गेली की सुतार माझ्यापाशी यायचा. मला उलटी करायचा, पट्टी लावायचा आणि कानामागची पेन्सिल काढून माझ्या चारही पायांवर रेघ ओढायचा. जमिनीपासून वीतभरावर. करवत हातात घ्यायचा. पातं रेघेवर ठरतच नसे. शेवटी करवत खुंटीला लावायचा, आणि पॉलिश पेपर घेऊन चारही रेघा घासून काढायचा. बायको यायच्या आत मला सरळ करून ठेवायचा. असं एक दिवस नाही, दोन दिवस नाही. शब्बाथ सोडून रोज.

दहा महिने लोटले. एका रविवारी सकाळी ती खाली बसून माझे पायही पुसत होती, तेव्हा फडकं माझ्या पायाला अडकलं. तिने बोट फिरवलं. दुसरा पाय पाहिला, तिसरा, चौथा. एकाच उंचीवर चारी ठिकाणी पॉलिश उडून आतलं लाकूड पांढरं पडलं होतं आणि पोट खपाटीला गेल्यासारखी खोलगट झीज झाली होती.

"अहो, इकडे या."

तो आला आणि चोरी पकडल्यासारखा उभा राहिला.

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

"तुम्ही? मोजलं नाही?"

ती जमिनीवर बसली होती, एक हात माझ्या पायावर. ती त्या खळग्यातून अंगठा फिरवत होती.

"मग कापली का नाहीत?"

"तू हो म्हणाली नव्हतीस."

"तुमचा तर भरवसा होता ना. तो परत येईल असाच ना?"

"तो परत येईल असं मी कधीच म्हटलं नाही गं." तो म्हणाला. "तो जिथे असेल तिथे एकटा नसेल, एवढंच मला म्हणायचं होतं. पण तूही नको एकटी पडायला. दहा महिने झाले, मी तुझ्या शेजारी बसलोच नाही."

तिने डोळे पुसले नाहीत. उठून खुंटीवरची करवत काढली आणि त्याच्या हातात दिली. मग मला आडवी केली, दोन्ही हातांनी पाठ धरली.

"धरलंय मी. काप."

आयुष्यात प्रथमच तिने त्याला अरे-तुरे केलं, आणि दोघांनाही ते कळलं नाही.

दुखलं का म्हणून विचारू नका. चौथ्या पायाला त्याचा हात थरथरला आणि खळग्यातून जायची करवत जरा वर, बसण्याच्या बाजूला सरकली. त्याच्या कारागिरीतली ती एकच चूक. "सारखी करून देतो," तो म्हणाला. ती म्हणाली, "राहू दे."

तिने गळ्याशी कापड फाडलं आणि माझ्यावर बसली. मी डुगडुगले. सुतार एका खोक्यावर तिच्या शेजारी बसला आणि त्याने माझ्या आखूड पायाखाली स्वतःचं पाऊल सरकवलं. आणि मित्रांनो, मग ती मागे रेलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बाईने खुर्चीला पूर्ण पाठ टेकली, आणि गुरासारखी रडली.

रब्बी आले, त्यांच्यामागून प्रार्थनेला लागणारी दहा माणसं आली, मग सगळी गल्ली. जणू सगळे दहा महिने चपला घालून दारापाशीच थांबले होते. दुःखात बसलेल्यांशी आपण आधी बोलायचं नसतं, म्हणून एरवी तोंड न मिटणारा घड्याळवालाही रीतीप्रमाणे आणलेल्या उकडलेल्या अंड्यांचं भांडं मांडीवर घेऊन मुकाट बसला. शेवटी तीच म्हणाली, "भावजी, तुमचा तो प्रश्न विचारा."

"कोणता, वहिनी?"

"फायदा काय, तो."

घड्याळवाल्याने भरलेल्या घराकडे पाहिलं, माझ्या पायाखालच्या त्या पावलाकडे पाहिलं. "विसरलो," तो म्हणाला.

सात दिवसांनी त्यांनी मला प्रार्थनालयाला दिलं. तेव्हापासून ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरी मी जाते. कितीजण माझ्यावर बसले, मला सगळे आठवतात. पहिल्या दिवशी सगळे कडेला बसतात. सातव्या दिवसापर्यंत बहुतेक जण पाठ टेकतात. सगळे नाही, बहुतेक. माझ्या यादीत आता एवढंच आहे.

तेव्हा बूट ठेवायचा तर ठेवा, पण कुठे मी कोणाच्या घरी दिसले, तर त्या माणसाला शहाणपण सांगू नका. शेजारी बसा आणि माझ्या आखूड पायाखाली तुमचं पाऊल सरकवा. आणि सुताराच्या घरावरून गेलात तर दाराकडे बघा. माझ्या पायांचे कापलेले चार तुकडे सुतारणीने टाकले नाहीत. तीन कपाटात आहेत. चौथा तिने दाराखाली सारलाय, दार मिटू नये म्हणून.